मटण, बोंबील आणि मोठे आतडे

ऑक्टोबर २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मांसाविषयीचा आपला निर्णय जाहीर केला. शाळांपर्यंत तो पोचला 'मटणाने कॅन्सर होतो' एवढ्याच शब्दांत. पालघर-बोईसर पट्ट्यात अशा वाक्याचा अर्थ नीट लावून द्यावा लागतो. सातपाटीच्या मुलाच्या घरात सुके बोंबील असतात, तर मोखाड्याच्या पाड्यावर मटण शिजते ते सणासुदीला. म्हणून या संशयाचा इतिहास आपण थोडा पाहू.

आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी युगांडात अनेक वर्षे काम केले. मोठ्या आतड्याचा कर्करोग तेथे फारच विरळा होता. १९७१ मध्ये त्यांनी याचे श्रेय आहारातील चोथ्याला दिले. १९७३ मध्ये विल्यम हेन्झेल यांनी हवाई बेटांतील जपानी वंशाच्या लोकांत या रोगाचा संबंध गोमांसाशी दाखवला. १९७५ मध्ये आर्मस्ट्राँग व डॉल यांनी अनेक देशांचे आकडे शेजारी मांडले. जेथे मांस अधिक खाल्ले जाई, तेथे हा कर्करोगही अधिक होता. अर्थात अशा देशांत मोटारीही अधिक असतात! आकडे बरोबर चालले म्हणजे कारण सापडले असे नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

आपल्याकडची नोंद मुंबईची. डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने तेथे १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. या नोंदणीतील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य शहरांच्या मानाने खूपच कमी होते. पश्चिम रेल्वेचे, म्हणजे आपल्या पालघर-बोईसरच्या रेल्वेचे, मुख्य वैद्यकीय अधिकारी राहिलेले डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९७७ मध्ये या नोंदी तपासल्या. शहर एकच, पण उत्तरेकडून आलेल्यांत हा रोग विरळा आणि दक्षिणेकडील लोकांत त्याहून जास्त आढळला. त्यांनी भर दिला तो मांसावर नव्हे, तर चोथा, लाळ आणि आंबवलेले दूध यांवर. कोड्याचे एकच उत्तर नसते, हे तेव्हाच दिसले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतही आज नाना प्रांतांची ताटे एकत्र आली आहेत.

पुढे प्रयोगशाळेत काही दुवे सापडले. लाल मांसातील हीम या लोहयुक्त द्रव्यामुळे आतड्यात नायट्रोसो संयुगे तयार होण्यास मदत होते. टिकवण्यासाठी घातलेले नायट्राइटही त्यात भर टाकते. निखाऱ्यावर करपलेल्या मांसात आणखी काही घातक संयुगे तयार होतात.

२०१५ मध्ये दहा देशांच्या २२ तज्ज्ञांनी ८०० हून अधिक अभ्यास चाळले. सॉसेज, हॅम यांसारखे प्रक्रिया केलेले मांस पहिल्या गटात गेले, म्हणजे त्याने माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा पुरेसा ठरला. मटणासारखे लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' ठरले. तंबाखूही पहिल्याच गटात आहे, पण गट सांगतो पुराव्याचे बळ, धोक्याचा आकार नव्हे. वर्तमानपत्रांची गफलत नेमकी येथे झाली.

रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ल्यास धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असे अनुमान निघाले. वर्गात फळ्यावर गणित मांडावे: समजा हजारांत दहा जणांना आयुष्यात हा रोग होणार असेल, तर ते सगळे रोज एवढे मांस खाऊ लागल्यास सुमारे बारा जणांना होईल. दहाचे बारा, हजाराचे एकशे ऐंशी नव्हेत. बोईसरच्या दुकानातून रोज सॉसेज आणणाऱ्या घराने या दोनांचा विचार जरूर करावा. पण ज्या जव्हार-मोखाड्यात १९९२ मध्ये वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली, तेथे महिन्याकाठी मिळणाऱ्या मटणाच्या चार फोडी या भीतीने काढून घेणे आम्हांला अन्यायाचे वाटते.

आणि बोंबील? लाल मांसाच्या व्याख्येत मासे नव्हतेच. चिनी पद्धतीने खारवलेला मासा पहिल्या गटात आहे खरा, पण तो नाकामागील घशाच्या कर्करोगासाठी. आपल्या किनाऱ्यावर बोंबील बहुधा मीठ न लावता, दोरांवर टांगून, उन्हावाऱ्यात वाळवतात.