माळवदाचं ओझं

मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी माळवदाच्या जुन्या घरात शिरलं की आधी अंधार जाणवतो आणि मग गारवा. पंखा नसला तरी चालायचं, असं म्हातारी माणसं सांगतात. ती फार वाढवून सांगत नाहीत.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर मातीचा जाड थर. खाली दगडमातीच्या रुंद भिंती. दुपारचं ऊन या थरात शिरतं खरं, पण खालच्या बाजूला पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर बाहेरची हवा निवते आणि माणसं अंथरूण घेऊन माळवदावरच झोपायला जातात. चार-पाच इंची स्लॅबमधून हीच उष्णता संध्याकाळपर्यंत खोलीत उतरते. पत्र्याला तर काही मिनिटं पुरतात.

पण उन्हाला अडवणारी माती पावसाला अडवेलच असं नाही. म्हणून छपरासाठी पांढरी, चिकट माती निवडायची, ती चोपून घट्ट करायची आणि पाणी पन्हळीकडे जाईल असा किंचित उतार द्यायचा. तरी भेगा पडायच्याच. मग पावसाळ्याच्या तोंडावर वर नवी माती पसरायची. जुनी खरवडून काढण्याचे कष्ट सहसा कुणी घेत नसे. नवा थर टाकणं सोपं होतं. अशी वर्षं गेली, पिढ्या गेल्या. काही घरांवर मातीची जाडी दोन फुटांपर्यंत गेली. दर थरागणिक घर थोडं अधिक गार होत गेलं आणि थोडं अधिक जड.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, किल्लारी परिसरात जमीन हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं आणि लोक घरात झोपलेले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यांतली हजारो माणसं दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली.

नंतरच्या पाहणीत जे दिसलं ते बारकाईनं वाचण्यासारखं आहे. या भिंती म्हणजे दगडांचे दोन पदर आणि मधे माती-खडीची भर. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादऱ्यानं पदर सुटले, भिंती फुटल्या आणि जिथे छपराचा भार भिंतींवरच होता तिथे छप्पर खाली आलं. ज्या घरांचं छप्पर लाकडी खांबांवर पेललेलं होतं, तिथे काही वेळा भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष नुसत्या मातीचा नव्हता. दोष होता तो न बांधलेल्या भिंतींचा आणि बेहिशेब वाढलेल्या वजनाचा.

उपायही माहीत होते, आणि दुरुस्तीच्या सूचनांमध्ये ते आलेही: छपरावरची जादा माती उतरवा, उरलेल्या थरात पाणी अडवायला प्लास्टिकचा कागद घाला, भिंतींमध्ये लांब दगड आणि सिमेंटचे पट्टे बसवा. गारवा बराचसा टिकला असता आणि दरवर्षी माती टाकण्याची कटकटही संपली असती. पण ज्यानं आपलं माणूस दगडांखालून काढलंय त्याला हे कसं पटवणार? लोकांना दगड-मातीचं घर नको होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठं पुनर्वसन झालं. अनेक गावं नव्या जागी वसली, सरळ रस्ते आले, सिमेंटची घरं आली. भूकंप झाला नव्हता त्या गावांतही ऐपत आली की माळवद उतरवून स्लॅब किंवा पत्रा घालायची रीत वाढली. भीतीइतकाच त्यात प्रतिष्ठेचाही वाटा होता, असं मला वाटतं.

हे सगळं होताना उन्हाचा विचार जवळजवळ कुणीच केला नाही. घरांचं छप्पर किती उष्णता आत सोडतं यासाठीची राष्ट्रीय संहिता, इको निवास संहिता, आली २०१८ मध्ये, किल्लारीनंतर पंचवीस वर्षांनी. तोवर उन्हाळ्यात पत्र्यावर कडबा आणि तुराट्या पसरायच्या, स्लॅबला चुना फासायचा, संध्याकाळी वर पाणी मारायचं, हे लोकांनी आपलं आपण सुरू केलं होतं. पाणी मारायचं, अर्थात, टँकर आला असेल त्या दिवशी.