अठराव्या वर्षानंतर

१९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा आला. निराधार मुलाला सरकारी छप्पर मिळू लागले. त्याच साली आमच्या वाईशेजारी साताऱ्यात भाऊराव पाटलांनी शाहू बोर्डिंग काढले. तिथे मुसलमानांसह सर्व जातीधर्मांची मुले एका पंगतीला बसत, स्वयंपाक नि कष्टही स्वतःच करत. कमवून जगण्याची ही सवय कायद्याला लावता आली नाही, असे मला वाटते. २०१५च्या कायद्यात बालगृहातून निघणाऱ्यास आर्थिक मदतीची तरतूद आहे. नियमांत एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची. आपल्याकडेही बालिग झाला की तो यतीम म्हणवत नाही. पण वाईत अशा एका मुलासाठी खोली पाहायला मी सोबत गेलो, तर घरमालकाने पहिलेच विचारले, ‘वडील काय करतात?’ भाडे त्याच्या खिशात होते.