बातमीचा पहिला स्त्रीस्वर : सईदा बानो

मुलगी पदवीधर झाली की पुढे काय, हा प्रश्न मुस्लिम घरांत आजही विचारला जातो. शिक्षिका किंवा डॉक्टर होणार म्हटले तर घर खूश असते. रेडिओ-टीव्हीवर बातम्या द्यायच्या म्हटले, की वडीलधारी मंडळी गप्प होतात. अवेळचे काम, परक्यांत वावर, लोक काय म्हणतील! ही काळजी खोटी नाही. पण याहून कठीण काळात एका मुस्लिम स्त्रीने हाच मार्ग निवडला होता. तिचे नाव सईदा बानो.

सईदा बानो मूळच्या भोपाळच्या. बेगमांनी राज्य केलेल्या या संस्थानात मुलींच्या तालमीला मान होता. पुढचे शिक्षण लखनौला झाले. त्यांना शिकायचे होते. पण १९३३ मध्ये घरच्यांनी त्यांचा निकाह लखनौच्या एका न्यायाधीशांशी लावून दिला. घर प्रतिष्ठित होते, पण त्यांचे मन तिथे रमले नाही. १९३८ मध्ये लखनौला रेडिओ केंद्र सुरू झाले आणि स्त्रियांच्या व मुलांच्या कार्यक्रमांतून त्या बोलू लागल्या. आपल्या आवाजाची ओळख त्यांना तिथेच झाली.

१९४७ साली त्यांनी संसारातून बाहेर पडण्याचे ठरवले. रोजीरोटी कमवायची तर हाताशी हुन्नर एकच होता. विजयालक्ष्मी पंडित यांच्या मदतीने दिल्लीच्या ऑल इंडिया रेडिओत वृत्तनिवेदिकेची नोकरी मिळाली. ऑगस्टमध्ये धाकट्या मुलाला घेऊन त्या दिल्लीत आल्या आणि वायडब्ल्यूसीएच्या वसतिगृहात राहिल्या. १३ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी त्यांनी पहिले उर्दू बातमीपत्र वाचले. ऑल इंडिया रेडिओवर उर्दू बातम्या वाचणाऱ्या त्या पहिल्या महिला.

हा काळ लक्षात घ्यायला हवा. फाळणीत लाहोर, पेशावर आणि ढाका ही केंद्रे पाकिस्तानकडे गेली. भारताकडे सहा केंद्रे उरली : दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली. ती जेमतेम अकरा टक्के लोकांपर्यंत पोहोचत. उर्दूचे नामवंत लेखक आणि रेडिओचे प्रमुख पतरस बुखारी लाहोरला गेले. त्यांचे बंधू झुल्फिकार बुखारी यांनी रेडिओ पाकिस्तानची धुरा घेतली. अनेकजण जात असताना सईदा बानो दिल्लीत येत होत्या.

सप्टेंबरमध्ये दिल्लीत दंगली पेटल्या. अशा वेळी गल्लीगल्लीत अफवा धावतात आणि एका चुकीच्या शब्दाने माणसे मरतात. बातमी वाचणाऱ्याला आपले दुःख, आपली भीती बाजूला ठेवून समोरच्या कागदावरचे शब्द शांतपणे, शुद्ध उच्चारांत वाचावे लागतात. ऐकणाऱ्यांत निर्वासित होते, तसेच घरात दडून बसलेली मुस्लिम कुटुंबेही होती. सईदा बानोंना कौतुकाची पत्रे आली, तशी 'पाकिस्तानात का गेला नाहीत?' असे विचारणारी शिवीगाळीची पत्रेही आली. त्या गेल्या नाहीत. पुढे अनेक वर्षे त्या बातम्या वाचत राहिल्या आणि नंतर रेडिओच्या उर्दू सेवेत निर्मात्या झाल्या.

१९९४ मध्ये त्यांचे 'डगर से हट कर' हे उर्दू आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये त्यांची नात शहाना रझा हिने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. मराठी वाचकाच्या हातीही ते पडायला हवे.

या निवडीची किंमत मोठी होती. मोठ्या घराची सावली सुटली, नातेवाइकांची बोलणी ऐकावी लागली. मात्र स्वतःच्या कमाईवर, खुद्दारीने जगता आले. आज वृत्तवाहिन्यांवर मुसलमानांविषयी तासन्‌तास चर्चा होते. बोलणारे बहुधा दुसरेच असतात, आणि आपण घरात बसून तक्रार करतो. उद्या आपल्याच घरातली एखादी मुलगी पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाचा अर्ज घेऊन सहीसाठी पुढे आली, तर नकार देण्यापूर्वी १९४७ च्या दिल्लीतली ती सकाळ आठवावी.