ग्रामोद्योगांचे नियतकालिक आणि कारागिराची सूची

१९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा यांच्या संपादनाखाली मगनवाडीतून ‘ग्राम उद्योग पत्रिका’ निघत असे. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन यांविषयीचे व्यावहारिक ज्ञान देणारी ही पत्रिका केवळ गांधीविचाराचे मुखपत्र मानणे अपुरे ठरते. ती व्यवसायपत्रिकाही होती.

अशा पत्रिकेचे जुने अंक संगणकावर चढविले म्हणजे ते शोधसुलभ झाले, हा समज भ्रामक आहे. संगणक छापलेला शब्दच शोधतो. हिंदीतील ‘कोल्हू’ मराठी तेल्याचा ‘घाणा’ असतो. शिवाय झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत सुधारलेली घाणी दुरुस्त करणाऱ्यास लेखाचे शीर्षक वा वर्ष ठाऊक नसते. लाट झिजली, पेंडीत तेल राहते, एवढेच त्यास दिसते. म्हणून लेखकसूचीपेक्षा अवजारांचे भाग, दोष व उपाय यांची सूची अधिक महत्त्वाची, आणि निरनिराळ्या भाषांतील पर्यायी शब्द तीत एकाच नोंदीखाली यावयास हवेत. हे एकट्या ग्रंथपालाचे काम नव्हे. घाण्यावर राबलेला माणूस त्याच्या शेजारी हवा. १९३८ मध्ये मगनवाडीतच उघडलेल्या मगन संग्रहालयात ग्रामोद्योगांची साधने आहेत. नोंदीतील शब्द तेथे प्रत्यक्ष वस्तूशी ताडून पाहता येतील.