सर्पदंशावरील प्रतिविष : प्रथिनांच्या शुद्धीकरणाचे शास्त्र

बीड जिल्ह्यातील धारूर हे बालाघाटच्या डोंगररांगेत वसलेले तालुक्याचे गाव. किल्ला आणि सीताफळे ही त्याची ख्याती, तर ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडणारे मजूर हे तेथील वास्तव. फडातील पाचट उपसताना आणि कोपीत जमिनीवर झोपताना या मजुरांना सापाचे भय असते. सर्पदंशातील विषबाधेवर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे प्रतिविष. आणि ते प्रथिन-रसायनशास्त्राचे फलित आहे.

भारतातील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते. या क्षेत्रात परळच्या हाफकिन संस्थेची परंपरा जुनी आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी १८९६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या प्लेग प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले. उत्पादनासाठी १९७५ मध्ये स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले.

प्रतिविषासाठी घोड्याला विषाची अल्प मात्रा टप्प्याटप्प्याने टोचतात. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. मात्र रक्तद्रवात इतरही अनेक प्रथिने असतात. ती वेगळी काढताना खरी कसोटी लागते, आणि तेथे प्रयोगशाळेतील अभिकर्मके उपयोगी पडतात.

पहिले अभिकर्मक अमोनियम सल्फेट. शेतकऱ्याला ते खत म्हणून परिचित आहे. द्रावणात ते पुरेसे मिसळले की प्रथिनांभोवतीचे पाणी ओढले जाते आणि प्रतिपिंडे साक्याच्या रूपाने खाली बसतात. कॅप्रिलिक आम्लाचे कार्य नेमके उलटे आहे. त्यामुळे नको असलेली प्रथिने साकळतात व प्रतिपिंडे द्रावणात राहतात. डुकराच्या जठरातून मिळणारे पेप्सिन हे विकर आम्लधर्मी द्रावणात प्रतिपिंडाचा शेपटाकडील भाग तोडते. विषाला पकडणारे दोन्ही हात शाबूत राहतात, आणि रुग्णाला प्रतिक्रिया येण्याचा संभव घटतो. शेवटी द्रव गोठवून निर्वातात सुकवला की त्याची भुकटी होते. शीतगृहाची सोय नसलेल्या ग्रामीण रुग्णालयाला हीच भुकटी सोयीची ठरते.

प्रमाणित प्रतिविषाचा १ मिलिलिटर नाग व घोणस यांचे प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, तर मण्यार व फुरसे यांचे प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतो. साप माणूस पाहून कमी-अधिक विष सोडत नाही; म्हणून बालकालाही प्रौढाइतकीच मात्रा द्यावी लागते.

एक मर्यादा मात्र महत्त्वाची आहे. उत्पादकांना लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतील इरुला जमातीच्या, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येत आले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. त्यामुळे दूरच्या प्रदेशातील दंशावर प्रतिविष अपुरे पडू शकते. प्रादेशिक विषसंग्रहाची मागणी यातूनच पुढे आली.

निदानाची एक चाचणी अगदी साधी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त २० मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस वा फुरशाच्या विषबाधेची शक्यता बळावते. नळी साबणाने धुतलेली असल्यास निष्कर्ष फसवा निघतो. नाग-मण्यारीच्या दंशात रक्त नेहमीसारखे गोठते. तेथे जड झालेल्या पापण्या व मंदावणारा श्वास यांवर लक्ष ठेवावे लागते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दंशाची जागा कापणे, चोखणे वा आवळून बांधणे टाळावे; अवयव स्थिर ठेवून रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. कुपीतील शुद्ध प्रथिनाचा उपयोग रुग्ण वेळेत तेथे पोहोचला तरच होतो.