मागे जाण्याचा बाण : पोथीच्या समासापासून मोबाइलच्या पट्टीपर्यंत

१/ आजच्या धाग्यात किल्ला नाही आणि लढाईही नाही. मोबाइलच्या स्क्रीनवर वर डाव्या कोपऱ्यात बसलेल्या एका लहानशा बाणाचा हा इतिहास आहे. अ‍ॅप तयार करणाऱ्यांना हा बाण, आणि तो ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी म्हणजे नेव्हिगेशन बार, आपल्या मनासारखी सजवण्याची फार हौस असते. ती मलाही होती. त्या हौसेपायी उमरखेडच्या एका निवृत्त गुरुजींचे दोन तासांचे काम माझ्या हातून नष्ट झाले. ती हकीकत ओघाने येईलच. आधी इतिहास.

२/ सुरुवात शब्दापासून. मराठीतील ‘मागे’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘घराच्या मागे’ म्हटले की ते स्थळ होते. ‘मागे एकदा’ म्हटले की तो काळ होतो. ‘शब्द मागे घेतला’ म्हटले की केलेली गोष्ट रद्द होते. बाण दाबणाऱ्याच्या मनात या तिन्हींपैकी कोणताही अर्थ असू शकतो. बाण बसवणाऱ्याने मात्र बहुधा एकच गृहीत धरलेला असतो. गेल्या काही दशकांतील बहुतेक घोळ या एका शब्दात मावतात.

३/ वाचकाला ‘मी कुठे आहे’ हे सांगणारी पट्टी मोबाइलने शोधलेली नाही. आपल्या हस्तलिखित पोथ्यांची पाने शिवलेली नसत. दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून ती रुमालात बांधली जात. वाऱ्याने पाने उडाली तर? म्हणून प्रत्येक पानाच्या पाठीवर समासात क्रमांक लिहीत. कितीतरी पोथ्यांत डाव्या समासात वर ग्रंथाचे संक्षिप्त नाव आणि पत्रांक असतो, उजव्या समासात खाली पुन्हा पत्रांक, आणि पुष्कळदा त्याच्या डोक्यावर ‘राम’. भागवताच्या दशम स्कंधासाठी ‘भा. द.’ अशासारखी ही आद्याक्षरे असतात. जैन हस्तलिखितांच्या सूचींत समासातल्या या संक्षिप्त नावाला ‘हुंडी’ असा शब्द आहे. पैशांच्या व्यवहारातला हाच शब्द इथे भेटला तेव्हा मी क्षणभर थबकले होते.

जागा अपुरी, म्हणून नाव आखूड करायचे. पण ते पुसायचे नाही. हा संकेत लक्षात ठेवा, तो आयफोनवर पुन्हा भेटेल.

४/ आता एकदम जुलै १९४५. अमेरिकी शास्त्रज्ञ व्हॅनिव्हर बुश यांनी ‘अटलांटिक मंथली’त एक लेख लिहिला आणि त्यात ‘मेमेक्स’ नावाच्या काल्पनिक टेबलाचे वर्णन केले. माणसाची सारी पुस्तके नि कागद सूक्ष्मचित्रांच्या रूपाने त्या टेबलात असतील. एक दांडी उजवीकडे कलती केली की पाने पुढे सरकतील, डावीकडे कलती केली की मागे. यंत्र कधी तयार झाले नाही, पण ‘डावीकडे म्हणजे मागे’ ही खूण तिथे स्पष्ट दिसते. अर्थात, डावीकडून उजवीकडे लिहिणाऱ्या माणसालाच ती स्वाभाविक वाटेल. या मुद्द्याकडे उमरखेडला पोहोचल्यावर येऊ.

५/ १९९३ मध्ये आलेल्या ‘मोझॅक’ ब्राउझरने मागे, पुढे आणि मुखपृष्ठ ही बटणे सर्वसामान्यांच्या सवयीची केली. आतली रचना ताटांच्या चळतीसारखी. नवे पान उघडले की नवे ताट वर ठेवायचे. मागे गेले की वरचे ताट उचलायचे. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला खटकणारी एक गोष्ट आहे. तुम्ही ‘क’वरून ‘ख’वर गेलात, परत ‘क’वर आलात आणि तिथून ‘ग’वर गेलात, तर मागे जाण्याच्या वाटेवर ‘ख’ उरतच नाही. विजेत्याने लिहिलेल्या बखरीसारखे! शेवटी जी वाट टिकली तिचीच तेवढी नोंद.

६/ आपल्याकडे मात्र पुष्कळांची ओळख ब्राउझरच्या आधी नोकियाशी झाली. ३३१० (साल २०००) आणि ११०० (साल २००३) या फोनांवर ‘सी’ नावाची कळ होती. ती दाबली की मेनूत एक पायरी मागे जाता येई. संदेश लिहिताना दाबली की अक्षर पुसले जाई. मागे जाणे आणि पुसणे एकाच कळीवर! आणि ३३१०च्या पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात ‘४-२’ असा मेनूचा क्रमांक दिसे. तो पोथीच्या पत्रांकाचाच भाऊबंद.

७/ २००७च्या आयफोनच्या दर्शनी भागावर एकच बटण होते आणि ते थेट मुख्य स्क्रीनवर नेई. एक पायरी मागे जायचे तर ती सोय प्रत्येक अ‍ॅपने आपल्या पट्टीवर करायची. २००८ मध्ये बाहेरच्या लोकांना आयफोनसाठी अ‍ॅप लिहिण्याची मुभा मिळाली, तेव्हा अ‍ॅपलने ही पट्टी तयारच हाती दिली. मध्यभागी चालू स्क्रीनचे नाव आणि डावीकडे बटण. त्या बटणावर केवळ ‘मागे’ अशा अर्थाचा शब्द नसे, तर ज्या स्क्रीनवरून आलात तिचे नाव असे. नाव मावले नाही तर ‘बॅक’ हा शब्द, तोही मावला नाही तर नुसता बाण. पोथीचा लेखक हेच करीत होता.

८/ आता सजावटीचा अध्याय. सुरुवातीला त्या पट्टीवर स्वतःचे चित्र चढवण्याचा राजमार्गच नव्हता. लोक पट्टी रंगवणाऱ्या मूळ आज्ञावलीवर आपली आज्ञावली चढवून काम भागवीत. २०११च्या आयओएस ५ने अधिकृत वाट दिली : साऱ्या अ‍ॅपच्या पट्ट्यांचे रूप एकाच ठिकाणी ठरवा. तेव्हाची बटणे बाणाच्या आकाराची, फुगीर असत. नाव लांबले तर टोक विद्रूप होऊ नये म्हणून मधलाच भाग ताणला जाईल असे चित्र काढावे लागे. तो चामडे, शिवण आणि लाकूड यांच्या नकलांचा काळ होता.

२०१३च्या आयओएस ७ने ते सारे सपाट केले. उरला एक बारीक कोन, शेजारी नाव, आणि एक नवी सोय : डाव्या कडेवरून बोट सरकवले की मागे. येथे मेख होती. मूळ बटण काढून त्या जागी स्वतःचे बसवले की बोटाने मागे जाण्याची सोय मुकाट्याने बंद पडे. सजवणाऱ्याला ते कळतही नसे, कारण तो स्वतःच्या सुंदर बाणावरच बोट ठेवून पाहत असे.

९/ या काळातला मला सर्वांत आवडलेला प्रसंग असा. पुष्कळांना बाणाशेजारचे नाव नकोसे वाटे. ते घालवण्याची एक सोपी युक्ती होती : मागच्या स्क्रीनचे नाव म्हणून रिकामी ओळ द्यायची. बरीच वर्षे ते खपले. मग २०२०च्या आयओएस १४मध्ये मागच्या बटणावर बोट दाबून धरले की आतापर्यंतच्या स्क्रीनांची नामावली उघडू लागली. ज्यांनी नावे पुसली होती त्यांच्या अ‍ॅपमध्ये उघडली ती रिकाम्या ओळींची यादी. नाव न दाखवण्याची वेगळी, रीतसर सोयही त्याच आवृत्तीत आली. पण शोभेसाठी समासातील हुंडी खरवडून काढली की पुढे पाने जुळवणाऱ्याची काय गत होते, ते त्या याद्यांत दिसले.

१०/ अँड्रॉइडची गोष्ट निराळी. २००८च्या पहिल्या फोनपासून मागे जाण्याची कळ यंत्रावरच होती. २०११ मध्ये अँड्रॉइड ३ने ती स्क्रीनच्या तळाशी आणली आणि अ‍ॅपच्या माथ्यावरही एक पट्टी दिली. त्या पट्टीत डावीकडे बाण. म्हणजे खाली एक ‘मागे’ आणि वर दुसरे? नाही. गूगलने भेद केला : खालची कळ काळात मागे नेते, जिथून आलात तिथे. वरचा बाण रचनेत वर नेतो, ही स्क्रीन ज्या मोठ्या विभागाची आहे तिथे. त्याचे नावच ‘अप’. तोंड मात्र डावीकडे!

११/ हा भेद मला उमरखेडवरून समजला. नांदेडहून एसटीने आलात तर तुमचे ‘मागे’ म्हणजे पैनगंगेपलीकडचे हदगाव. यवतमाळहून आलात तर महागाव. ते प्रवाशागणिक बदलते. ‘वर’ मात्र राज्यव्यवस्था ठरवते. १९०० साली उमरखेडच्या वर पुसद तालुका, त्याच्या वर वाशिम जिल्हा, त्याच्या वर वऱ्हाड : नावाला निजामाचे, कारभाराला १८५३पासून इंग्रजांचे. १९०५ मध्ये वाशिम जिल्हा मोडला आणि पुसद तालुका यवतमाळला जोडला गेला. १९०३पासून वऱ्हाड मध्य प्रांताशी बांधले होते, १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे ‘वर’ इतक्या वेळा बदलले. दप्तरखान्यात जुना कागद शोधणाऱ्याने कोणते ‘वर’ धरायचे हे आधी ठरवले नाही, तर त्याचा दिवस वाया जातो.

१२/ अँड्रॉइड मराठीत लावून स्क्रीन वाचून दाखवणारी सोय चालू करा आणि तयार पट्टीतल्या त्या बाणावर बोट ठेवा. पुष्कळ अ‍ॅपमध्ये ऐकू येईल : ‘वर नेव्हिगेट करा’. ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याने यातून काय समजावे? भाषांतर चुकलेले नाही. मूळ कल्पनाच तशी आहे. पण बाण स्वतः बसवणारे लोक हा बोलका मजकूरही स्वतः लिहू शकतात. तिथे साधे ‘मागे’ किंवा ‘कागदांच्या यादीकडे’ लिहायला कोणाचीही हरकत नसते. आम्ही तर आमच्या बाणाला मजकूरच दिला नव्हता.

१३/ ‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ. उमरखेड परिसरातल्या घरोघरच्या मोडी कागदांची छायाचित्रे घ्यायची, आणि ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी ती पाहून देवनागरी लिप्यंतर भरायचे, असे एक छोटे अँड्रॉइड अ‍ॅप आम्ही केले. तयार बाण मला रूक्ष वाटला. मी बोरूच्या टोकासारखा बाण काढला, विटकरी रंगाचा. दिसायला देखणा होता, हे आजही मान्य करावे लागेल.

१४/ गुरुजी ब्याऐंशी वर्षांचे. मोडी त्यांनी वडिलांकडून शिकलेली. एका कुटुंबाने आणलेली शेताची कबुलायत, फसली सनाची, त्यांनी भिंग घेऊन मूळ कागदावरून वाचली. घडीवर शाई विरलेली. चतुःसीमेतील पूर्वेकडचे नाव नेमके घडीत. बराच वेळ कागद उजेडाकडे तिरपा धरून त्यांनी ते लावले, सारे अ‍ॅपमध्ये भरले आणि वरचा बाण दाबला. लिप्यंतर गेले.

‘बेटा, मी पुसलं नाही. फोटो पुन्हा एकदा पाहावा म्हणून मागे गेलो,’ ते म्हणाले. चूक त्यांची असावी अशा स्वरात.

१५/ झाले होते असे. खालची कळ दाबली की ‘मजकूर जतन करायचा का?’ असे अ‍ॅप विचारत असे. ते आम्ही नीट बांधले होते. वरच्या बोरूच्या बाणाला मात्र मी थेट ‘ही स्क्रीन बंद करा’ अशी आज्ञा जोडली होती. तो प्रश्न त्याच्या वाटेत येतच नव्हता. आम्ही दोघे चाचणी करताना सवयीने कडेवरून बोट सरकवत होतो. इतक्या हौसेने काढलेला बाण आम्ही एकदाही दाबून पाहिला नव्हता. दुरुस्ती एका ओळीची निघाली : बाणानेही स्क्रीन स्वतः बंद न करता मागे जाण्याचा संदेश यंत्रणेकडेच द्यायचा, म्हणजे तो प्रश्न दोन्ही वाटांवर भेटतो. शिवाय आता लिहिलेले दर काही क्षणांनी आपोआप जतन होते.

१६/ मग उर्दूचे राहिले होते. उमरखेडात मराठी शाळांबरोबर उर्दू शाळाही आहेत, आणि काही घरांतल्या कागदांवर मोडीशेजारी फारसी मजकूर असतो. म्हणून अ‍ॅप उर्दूतही केले. उर्दूत पट्टी उलटते : बाण उजव्या कोपऱ्यात जातो आणि त्याचे तोंडही उजवीकडे हवे. अँड्रॉइडने ही उलट मांडणी २०१२च्या ४.२मध्ये दिली, आयओएसने २०१५च्या आयओएस ९मध्ये. तयार बाण आपोआप वळतो. स्वतः काढलेला वळत नाही, त्याला ‘आरशासारखा उलट’ असे वेगळे सांगावे लागते. माझा बोरू उर्दू पट्टीवर उजव्या कोपऱ्यात जाऊन डावीकडे, म्हणजे पुढच्या दिशेला, तोंड करून उभा होता. बुश साहेबांची दांडी आठवली. बोरू काढून टाकला. आता तयारच बाण आहे, रंग तेवढा विटकरी ठेवला.

१७/ कबुलायतीचा मूळ कागद तोवर त्या कुटुंबाबरोबर परगावी गेला होता. गुरुजींनी छायाचित्रावरून आणि आठवणीतून लिप्यंतर पुन्हा भरले. घडीतला शब्द छायाचित्रात उमटलेला नाही. एका दिवशी त्यांना तो ओढ्याचे नाव वाटतो, दुसऱ्या दिवशी कोणा शेजाऱ्याचे आडनाव. नोंदीत त्या जागी प्रश्नचिन्ह आहे. कागद पुढच्या दिवाळीत गावी येईल असे कुटुंबाने कळवले आहे. गुरुजींनी भिंग पुसून ठेवले आहे.

१८/ तुमच्या घरी जुनी पोथी असेल तर एखादे पान अलगद उलटून पाठीवरचा डावा समास पाहा. काय आद्याक्षरे आहेत ते खाली लिहा. छायाचित्र टाकलेत तर आपण मिळून ग्रंथ ओळखू. पाने परत ठेवताना क्रमांक तेवढे जुळवून घ्या.