दोन तास तेरा मिनिटे

शुक्रवार, १० ऑगस्ट २०१८

अमेरिकेच्या एफबीआयने या दिवशी बँकांना एक गोपनीय इशारा धाडला. कार्ड देणाऱ्या कुठल्या तरी बँकेत चोर शिरलेले आहेत आणि येत्या काही दिवसांत जगभरातल्या एटीएममधून एकाच वेळी पैसे उपसले जातील, असा त्याचा मथितार्थ होता. बँक कोणती, देश कोणता, हे काहीच त्यात नव्हते. अशा उपशाला चोर बहुधा शनिवार-रविवार निवडतात, एवढे या धंद्यातल्या जाणकारांना ठाऊक होते.

पुण्याच्या गणेशखिंड रस्त्यावर कॉसमॉस सहकारी बँकेचे मुख्यालय आहे. १९०६ साली सुरू झालेली ही बँक देशातल्या सगळ्यात जुन्या आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. शुक्रवारी संध्याकाळी तिथले कर्मचारी दोन दिवसांच्या जोडसुट्टीवर गेले. चोर मात्र बँकेच्या यंत्रणेत आधीच येऊन बसले होते.

शनिवार, ११ ऑगस्ट, सकाळ

महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणजे बँका बंद. सुट्टीचा दिवस चोरांनी मुद्दाम धरला असणार, कारण ही चाल जुनी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले, तेव्हा सुरुवात गुरुवारी रात्री झाली होती. ढाक्यात शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी, न्यूयॉर्कला शनिवार-रविवार आणि मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. तीन शहरांच्या सुट्ट्या एका माळेत ओवून चोरांनी चार दिवस मिळवले होते.

पुढे काय झाले ते कळायला एटीएममध्ये कार्ड घातल्यावर काय होते ते आधी पाहावे लागेल. समजा, कार्ड एका बँकेचे आणि यंत्र दुसऱ्या बँकेचे आहे. यंत्र विचारणा पाठवते, ती व्हिसा किंवा रुपेच्या जाळ्यातून तुमच्या बँकेच्या दाराशी येते. दाराशी ‘स्विच’ नावाची यंत्रणा असते. स्विच आतल्या कोअर बँकिंगला, म्हणजे खऱ्या खातेवहीला विचारतो: पिन बरोबर आहे का, शिल्लक आहे का, दिवसाची मर्यादा ओलांडली का? आतून ‘हो’ आले की तो बाहेर ‘हो’ सांगतो आणि नोटा सुटतात. चोरांनी या स्विचच्या शेजारी स्वतःचा खोटा स्विच उभा केला. त्यांच्या कार्डांची विचारणा आली की ती खातेवहीपर्यंत जाऊच द्यायची नाही, दारातूनच ‘हो’ म्हणून मोकळे व्हायचे. शिल्लक किती, मर्यादा किती, हे प्रश्न मग उरतच नाहीत.

आता आमच्या नाशिकरोडविषयी थोडे. ज्या नोटा एटीएममधून सुटतात, त्यांतल्या पुष्कळशा इथे छापल्या जातात. करन्सी नोट प्रेस १९२८ पासून इथे आहे, आणि शेजारी पासपोर्ट, मुद्रांक, तिकिटे छापणारी इंडिया सिक्युरिटी प्रेस. जेलरोड, नेहरूनगर, उपनगर या भागांत प्रेसमध्ये कामाला असलेले कुणी ना कुणी बहुतेक घरांच्या ओळखीत सापडते. नोट सुटी छापत नाहीत, मोठ्या शीटवर छापतात, आणि शीट एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर जाताना मोजली जाते. खराब झालेल्या शीटचाही हिशेब लागतो, तिला फेकून मोकळे होता येत नाही. हातात नवी नोट आली तर नंबराकडे नीट बघा. कधी कधी अक्षरांच्या आणि आकड्यांच्या मध्ये बारीकसा तारा दिसतो. बंडलातली एखादी नोट छपाईत बिघडली की तिच्या जागी ही तारावाली नोट घालतात, म्हणजे शंभराचे बंडल शंभराचेच राहते आणि बदल झाल्याची खूणही राहते.

२०२१ मध्ये याच प्रेसमध्ये पाचशेच्या नोटांची पाच लाखांची बंडले हिशेबात लागेनात. आतल्या आत काही महिने चौकशी चालली, मग पोलिसांत तक्रार गेली. अखेरीस निघाले काय, तर चोरी झालीच नव्हती. दोन सुपरवायझरांच्या हातून खराब मालाबरोबर ती बंडले नजरचुकीने नष्ट झाली होती. पाच लाख म्हणजे पाचशेच्या हजार नोटा, एका पिशवीत सहज मावतील एवढ्या. तेवढ्यासाठी गावभर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पुण्याचा पुढचा हिशेब वाचताना हा पाच लाखांचा आकडा जवळ ठेवा.

शनिवार, दुपारी ३

ठरल्या वेळी माणसे एटीएमसमोर उभी राहिली. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, रशिया असे एकूण २८ देश. त्यांच्या हातात कॉसमॉसच्या खातेदारांच्या कार्डांच्या नकला होत्या, साधारण साडेचारशे. चोरलेला कार्डाचा तपशील कोऱ्या पट्टीवर चढवला की नक्कल तयार होते. तिच्यावर बँकेचे नाव, बोधचिन्ह काही लागत नाही. यंत्राला काळी पट्टी वाचता आली की पुरते.

परदेशात सुमारे १२ हजार वेळा पैसे निघाले, एकूण ७८ कोटी रुपये. हे सगळे दोन तास तेरा मिनिटांत उरकले. भागाकार केला तर मिनिटाला नव्वद व्यवहार आणि प्रत्येक व्यवहाराला सरासरी ६५ हजार रुपये पडतात. मिनिटाला ५८ लाखांहून जास्त. नाशिकरोडला ज्या पाच लाखांचा शोध काही महिने चालला, तेवढे इथे पाच सेकंदांत जात होते.

भारतातही रुपे कार्डांच्या नकला चालल्या. सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी निघाले, त्यांतले काही कोल्हापुरात. पोलिसांनी नंतर जमवलेल्या सीसीटीव्ही चित्रणात माणसे एका एटीएममधून दुसऱ्यात जाताना, एकामागून एक कार्ड घालताना आणि नोटा पिशवीत कोंबताना दिसतात. ही माणसे संगणकतज्ज्ञ नव्हती. कार्ड आणि पिन हातात घ्यायचा, रक्कम काढून आणायची आणि त्यातला ठरलेला वाटा घ्यायचा, एवढेच त्यांचे काम. खोटा स्विच बांधायला मोजके लोक पुरतात, पण २८ देशांत एकाच दुपारी यंत्रासमोर उभे राहायला तयार असलेली शेकडो माणसे लागतात, आणि ती मिळाली. तंत्रज्ञानाच्या गुन्ह्यांवर लिहिणारे या भाडोत्री हातांविषयी फार कमी लिहितात.

शनिवार, व्हिसाचा निरोप

कॉसमॉसच्या अधिकाऱ्यांना व्हिसाकडून निरोप आला: तुमच्या कार्डांवरून मोठमोठ्या रकमांची मागणी होते आहे, जरा पाहा. अधिकाऱ्यांनी आपली यंत्रणा उघडून पाहिली. काहीच वावगे नव्हते.

माझ्या मते खरा घात इथे झाला. त्यांनी कामचुकारपणा केला असे म्हणता येणार नाही. सुट्टीच्या दिवशी निरोप घेतला आणि तपासणीही केली. पण ज्या वहीला चोरांनी वगळले होते, त्याच वहीत ते चोरी शोधत होते. विचारणा आतपर्यंत पोचतच नव्हती, तर नोंद दिसणार कुठून? वही अगदी स्वच्छ होती आणि ती स्वच्छ होती हाच पुरावा होता. बाहेरचा माणूस सांगतोय की पैसे जात आहेत आणि आपल्या वहीत त्याचा मागमूस नाही, तर शंका कुणावर घ्यायची? प्रेसमध्ये हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवलेला आहे: एका टप्प्याची मोजणी पुढचा टप्पा पुन्हा करतो, मागच्याच्या शब्दावर विसंबत नाही. बँकेत सगळे मोजणारे एकाच पडद्याकडे बघत होते.

साधारण अर्ध्या तासाने, खबरदारी म्हणून, त्यांनी व्हिसाला सगळी कार्डे बंद करायला सांगितले. हा निर्णय बाहेरून वाटतो तेवढा सोपा नसतो. दिल्ली-दुबईत कुणी हॉटेलच्या काउंटरवर उभा असेल, कुणी दवाखान्यात पैसे भरत असेल. त्यांची कार्डे चालेनाशी होणार. इशारा खोटा ठरला तर सोमवारी जाब द्यावा लागणार. अशा वेळी थांबवायचा अधिकार ज्याच्याकडे आहे तो माणूस सुट्टीच्या दुपारी फोनवर हवा, आणि चूक झाली तरी आपल्यामागे संचालक मंडळ उभे राहील याची त्याला खात्री हवी. तो अर्धा तास केवढ्याचा पडला? मघाच्याच सरासरीने साडेसतरा कोटींच्या आसपास.

शनिवार, रात्री १०

तक्रारीत पुढे घटनेची वेळ दुपारी ३ ते रात्री १० अशी नोंदली गेली. देशातले आणि परदेशातले मिळून साडेऐंशी कोटी गेले होते आणि एकाही खातेदाराच्या पासबुकात एक पैसा कमी झालेला नव्हता. हे चमत्कारिक वाटते, पण हिशेब सरळ आहे. यंत्र ज्या बँकेचे, तिने नोटा दिल्या. तिला ते पैसे व्हिसाच्या जुळवणीतून मिळणार आणि जुळवणीत देणे कॉसमॉसच्या नावावर लागणार, कारण ‘हो’ कॉसमॉसच्या दारातून आले होते. ते खोट्या स्विचने दिले ही तक्रार समोरच्याची नव्हे.

रविवार, १२ ऑगस्ट

व्हिसाने संशयित व्यवहारांची पूर्ण यादी पुण्याला पाठवली. बारा हजार नोंदी. नुकसान केवढे आहे ते आता कळले.

त्याच दिवशी अमेरिकेतल्या ब्रायन क्रेब्ज या सायबर गुन्ह्यांवर लिहिणाऱ्या पत्रकाराने एफबीआयचा शुक्रवारचा इशारा जाहीर केला.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

एटीएमचा दरवाजा बंद झाला होता, पण घर अजून चोरांच्याच ताब्यात होते. बँक उघडल्यावर स्विफ्ट यंत्रणेतून, म्हणजे बँका एकमेकींना देशाबाहेर पैसे पाठवण्याचे आदेश देतात त्या जाळ्यातून, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेत एएलएम ट्रेडिंग लिमिटेड नावाच्या कंपनीच्या खात्यात गेले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांवर पोचला.

शनिवारचा घाला अचानक आला असे म्हणता येते, सोमवारचे तसे नाही. घरफोडी झाल्यावर चोर अजून माळ्यावर तर नाही ना, हे आधी पाहतात. शनिवारी रात्रीनंतर बाहेर जाणारा प्रत्येक आदेश माणसाने दूरध्वनीवर ताडून पाहिल्याशिवाय सुटणार नाही, असे ठरायला हवे होते. त्याने धंदा एक दिवस खोळंबला असता. खोळंबा आणि चौदा कोटी यांत निवड करायची वेळ कुठल्याही बँकेवर येऊ शकते, आणि झटपट सेवेची जाहिरात करणाऱ्या बँकेला खोळंबा निवडणे जड जाते.

मंगळवार, १४ ऑगस्ट

पुण्याच्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. बँकेने आपली एटीएम आणि नेट बँकिंग बंद ठेवले. अध्यक्ष मिलिंद काळे यांनी खातेदारांचे पैसे सुरक्षित असल्याचे सांगितले, आणि ते खरेही होते. मात्र सहकारी बँकेत तोटा कुणाचा, हा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. भागधारक सभासदच बँकेचे मालक. खातेदार म्हणून ज्याचे पैसे वाचले, तोच सभासद म्हणून बँकेच्या गंगाजळीतून ते भरून देतो.

पुढची वर्षे

१९ ऑक्टोबर २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षेची चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ ला तिची पुढची आवृत्ती आली आणि बँका कामकाजाच्या व्याप्तीनुसार चार पातळ्यांत विभागल्या गेल्या. हा फरक करणे भाग होते. पुण्याच्या मोठ्या बँकेला जमले नाही, ते दोन शाखांच्या तालुक्याच्या बँकेला त्याच नियमाने कसे जमणार? अशा बँका स्विच स्वतः चालवत नाहीत, कुणा कंपनीकडून भाड्याने घेतात. म्हणजे दार आपले, पहारेकरी दुसऱ्याचा. आपल्याकडे सप्टेंबरात सहकारी बँकांच्या वार्षिक सभा होतात, लाभांशावरून खुर्च्या आपटल्या जातात. दुसऱ्या शनिवारी दुपारी कार्डे बंद करायचा अधिकार कुणाकडे आहे आणि त्याचा फोन कोण उचलते, हे मात्र कुणी विचारल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

हा घाला उत्तर कोरियाशी जोडलेल्या ‘लाझरस’ टोळीचा असल्याचे तज्ज्ञांचे मत आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०१९ च्या अहवालात उत्तर कोरियाच्या कारवायांमध्ये त्याची नोंद घेतली. बांगलादेशच्या चोरीतही याच टोळीचे नाव आहे. भारतातल्या एका बँकेच्या एटीएम लुटीतले पैसे फिरवण्यासह इतर गुन्ह्यांबद्दल गालेब अलाउमारी या कॅनडातल्या माणसाला अमेरिकेच्या न्यायालयाने २०२१ मध्ये अकरा वर्षे आठ महिन्यांची शिक्षा दिली. पुण्यात तपासाअंती खटला उभा राहिला आणि एप्रिल २०२३ मध्ये अकरा जण दोषी ठरले. नऊ जणांना चार वर्षे आणि दोघांना तीन वर्षे कैद झाली. ज्यांनी खोटा स्विच बसवला, त्यांच्यापैकी आरोपींच्या पिंजऱ्यात कुणीच नव्हते.